दुसरा काटा

पंढरपूरहून टेंभुर्णीकडे निघाले की वाटेत करकंब लागते. पंढरपूर तालुक्यातले मोठे गाव, भोवताली उजनी धरणाच्या पाण्यावर पोसलेला ऊस. इथला साखर कारखाना सुरुवातीला विजय शुगर्स या खासगी कंपनीचा होता. आज तो माढा तालुक्यातल्या पिंपळनेरच्या विठ्ठलराव शिंदे सहकारी साखर कारखान्याचे दुसरे युनिट आहे. पाटी बदलली, ऊस टाकायची गव्हाण तीच राहिली. भांडवलशाही बरी की समाजवाद, हा वाद आपल्याकडे बहुधा रशिया आणि अमेरिकेच्या नावाने घातला जातो. करकंबपासून अकलूजपर्यंतच्या टापूत तो गेली नव्वद वर्षे उसाच्या फडात प्रत्यक्ष चालू आहे. खासगी कंपनी, सरकारी महामंडळ आणि सहकार, तिघांनीही इथे एकाच पिकावर हात आजमावला. या तिघांकडे पाहून मला वाटते ते असे: मालक कोण, हा प्रश्न आपण फार मोठा करून ठेवला आहे. वजनकाट्यावर उभ्या असलेल्या शेतकऱ्याला जायला दुसरा काटा आहे का, आणि पहिल्या काट्याचा हिशेब मागायची सोय त्याच्या हाती आहे का, या दोन गोष्टींवर त्याचे बरेवाईट जास्त ठरते.

याचे मूळ उसाच्या स्वभावात आहे. ज्वारी भाव नसला तर पोत्यात राहते, कांदा चाळीत महिना-दोन महिने तग धरतो. ऊस तोडला की त्याचे वजन आणि साखर दोन्ही उतरू लागतात. चोवीस तासांत गव्हाणीत पडला तर ठीक. त्यामुळे तोड झाल्यावर शेतकऱ्याच्या हातात घासाघीस करायला काही उरत नाही. त्यात वजन कारखान्याच्या काट्यावर आणि उतारा, म्हणजे उसातून निघणाऱ्या साखरेचे प्रमाण, कारखान्याच्या प्रयोगशाळेत. २०२४-२५ च्या हंगामासाठी केंद्राने १०.२५ टक्के उताऱ्याला टनामागे ३,४०० रुपये रास्त दर, म्हणजे सगळे ज्याला एफआरपी म्हणतात तो, ठरवला होता आणि त्यापुढच्या प्रत्येक ०.१ टक्क्याला ३३ रुपये २० पैसे. ०.१ टक्का म्हणजे टनामागे एक किलो साखर. एकरी ४० टन काढणाऱ्या शेतकऱ्याला हा फरक तेराशे रुपयांचा. त्यासाठी तो प्रयोगशाळेच्या दारात भांडायला जाणार नाही. पण पाच लाख टन गाळणाऱ्या कारखान्याच्या खात्यात तीच दशांशाची हालचाल १ कोटी ६६ लाखांची होते. हा मोह मालकी पाहून येत नाही. खासगी संचालकाला तो जितका होईल तितकाच सहकारी संचालकाला.

आता खासगीचा अनुभव पाहू. १९३२ मध्ये इंग्रज सरकारने परदेशी साखरेवर संरक्षक जकात बसवली आणि दोन-तीन वर्षांतच नीरेच्या कालव्यांवर कारखाने उभे राहिले. आगाशे यांच्या बृहन्महाराष्ट्र शुगर सिंडिकेटचे श्रीपूर त्यातलेच. बाजाराने उद्योग घडवला असे म्हणताना कालवा सरकारी होता आणि जकातही सरकारीच होती, हे सोडून चालणार नाही. या सगळ्यांत वेगळे आहे ते माळीनगर. सासवडहून आलेल्या माळी बागाइतदारांनी १९३२ मध्ये ‘दि सासवड माळी शुगर फॅक्टरी’ काढली. कायद्याने ती कंपनी, भाग भांडवलावर उभी, आणि भागधारक मात्र ऊस पिकवणारेच. सहकारी कायद्याचा टेकू नसताना, राज्याचे भागभांडवल नसताना त्यांनी कारखाना चालवला. तिला भांडवलशाही म्हणा नाहीतर शेतकऱ्यांची मालकी, ज्याचा ऊस त्याच्याच हाती हिशेबाची वही होती. पाठ्यपुस्तकातल्या दोन खान्यांपैकी तिला कुठल्याही एका खान्यात बसवायला गेले की पाय बाहेर राहतात.

सरकारी मालकीचा अध्याय याच मातीवर लिहिला गेला आणि तो लवकर आटोपता येण्यासारखा आहे. १९६१ च्या कमाल जमीनधारणा कायद्याने साखर कंपन्यांचे मळे सरकारने घेतले. यातल्या पुष्कळ जमिनी मुळात आसपासच्या शेतकऱ्यांनी कंपन्यांना खंडाने दिलेल्या. त्या त्यांना परत मिळाल्या नाहीत, भूमिहीनांनाही वाटल्या गेल्या नाहीत. कारखान्यांचा ऊसपुरवठा मोडू नये असे कारण देऊन १९६३ मध्ये शेती महामंडळ काढले गेले आणि जमीन त्याच्या ताब्यात गेली. समाजाची मालकी, समाजाचे नियोजन, पगारी मजूर. कागदावर याहून शुद्ध समाजवाद मिळणे कठीण. प्रत्यक्षात महामंडळ तोट्यात रुतले, कामगारांची देणी थकली, आणि खंडकऱ्यांना, म्हणजे खंडाने जमीन दिलेल्या शेतकऱ्यांना, आपलीच जमीन परत मिळवण्यासाठी जवळजवळ अर्धे शतक मोर्चे काढावे लागले. २०१२ च्या सुमारास ती परत मिळू लागली. डाव्या विचाराचे लोक म्हणतात, नोकरशाही नालायक निघाली म्हणून तत्त्व खोटे ठरत नाही. मान्य. पण खंडकऱ्याने जाब विचारायचा कोणाला? कंपनीशी भांडताना त्याला निदान सरकारकडे जाता येत होते. मालकच सरकार झाल्यावर तीही वाट बंद झाली. हा दोष कुणा अधिकाऱ्याच्या स्वभावाचा नाही, रचनेचा आहे.

सहकार हा तिसरा मार्ग, महामंडळाहून जुना. विठ्ठलराव विखे पाटलांनी लोणीला प्रवरेचा कारखाना उभा केला, अध्यक्षपदी अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ बसले आणि १९५० च्या अखेरीस पहिले गाळप झाले. ऊस कितीही असो, शेअर कितीही असोत, मत एकच, हा नियम त्या काळच्या खेड्यात साधा नव्हता. पश्चिम महाराष्ट्रातले रस्ते, शाळा, दवाखाने, अभियांत्रिकी महाविद्यालये यांची यादी सगळ्यांना पाठ आहे, ती पुन्हा देत नाही. सोलापूर जिल्ह्यात तर खासगी कारखाना सहकाराकडे जाण्याचा प्रकार करकंबच्या आधीही घडला आहे. श्रीपूरचा कारखाना पांडुरंग सहकारीकडे आला तो असाच. सगळीकडे सहकार मोडून खासगी होत असल्याच्या बातम्या वाचणाऱ्यांना ही उलटी वाट ठाऊक नसते.

पण एक मत एक माणूस म्हणजे हिशेब आपल्या हाती, असे समजणे भाबडेपणाचे. पुढे नोबेल मिळालेले अभिजित बॅनर्जी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ मध्ये महाराष्ट्रातल्या सहकारी साखर कारखान्यांवर एक अभ्यास छापला. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे: जिथे लहान आणि मोठ्या ऊस उत्पादकांतली दरी रुंद, तिथे कारभार मोठ्यांच्या हाती जातो, उसाचा भाव दाबला जातो आणि मागे राहिलेला नफा त्यांच्या मर्जीच्या कामांकडे वळतो. भाव दाबला तर मोठ्या बागाइतदाराचेही नुकसान होतेच; पण तो नफ्यातून ते भरून काढतो, दोन एकरवाल्याला तशी सोय नाही. सोलापूर जिल्हा मध्यवर्ती बँकेवर २०१८ मध्ये प्रशासक बसला, तेव्हा थकलेल्या कर्जांत साखर कारखान्यांचा वाटा मोठा होता. कर्ज मागणारा आणि मंजूर करणारा एकाच गोतावळ्यातला असला की मतपेटी जाब विचारत नाही, ती फक्त शिक्का मारते.

इथे शेतकरी संघटनेच्या शरद जोशींच्या विचारांचा वाचक म्हणेल, मग सरळ बाजार खुला करा. त्यांनी १९८० मध्ये नाशिकच्या रस्त्यावर उसाला टनामागे ३०० रुपये मागितले, तेव्हापासून त्यांचे सांगणे एकच होते: सरकारने शेतकऱ्याच्या पाठीवरून उतरावे. झोनबंदीबद्दल ते अगदी बरोबर होते. अमुक गावाचा ऊस अमुकच कारखान्याला घालायचा, हा नियम सहकाराच्या नावाखाली चालवलेली वेठबिगारीच होती. झोन गेला, १९९८ मध्ये साखर उद्योगाचे परवाने गेले, आणि आज राज्यात सर्वाधिक कारखाने सोलापूर जिल्ह्यात आहेत. राज्यभरातल्या सुमारे २०० कारखान्यांपैकी साधारण निम्मे खासगी. म्हणजे दुसरा काटा आला. पण तो दरवर्षी येत नाही. ऊस कमी असला, उजनी भरले नाही, की हंगामाच्या तोंडावर कारखान्यांची माणसे बांधावर येतात, पहिली उचल वाढवून जाहीर होते, एकाच्या फडात दुसऱ्याच्या टोळ्या घुसतात. २०२१-२२ सारखे वर्ष आले, राज्यात गाळप जूनपर्यंत लांबले, तेव्हा हाच शेतकरी तोड मिळावी म्हणून कारखान्याच्या चिटबॉयच्या मागे फिरतो, टोळीला खुशालीचे पैसे देतो, आणि शेवटी पाला पेटवून ऊस घालवतो. बाजाराचे संरक्षण त्याला मिळते ते टंचाईच्या वर्षी, जेव्हा त्याची गरज कमी असते. शिवाय दोन कारखान्यांत २५ किलोमीटर हवाई अंतर हवे, ही अट अजून आहेच, आणि ती शिथिल करायला आधीचे कारखानदार विरोध करतात, सहकारी काय नि खासगी काय.

म्हणून काही गोष्टी बाजारावरही सोडता येत नाहीत आणि संचालक मंडळावरही. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाने चौदा दिवसांत पैसे, उशीर झाला तर १५ टक्के व्याज, हे बंधन घातले. बाजारवाल्यांना ते ढवळाढवळ वाटते. पण चौदा दिवसांचा नियम नसलेला खुला बाजार म्हणजे शेतकऱ्याने कारखान्याला दिलेले बिनव्याजी, बिनमुदतीचे कर्ज. फेब्रुवारी २०२२ मध्ये राज्य सरकारने एफआरपी दोन हप्त्यांत द्यायची मुभा दिली, तेव्हा सहकारी आणि खासगी दोन्ही गोटांना ती सोयीची वाटली. शेतकरी नेते राजू शेट्टी न्यायालयात गेले आणि मार्च २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो आदेश रद्द केला. हे पैसे शेतकऱ्याला ना स्पर्धेने दिले ना सभासदत्वाने. कायद्यातली एक ओळ होती, ती धरून बसलेली एक संघटना होती आणि दोघांच्या वर न्यायालय होते.

एवढे मान्य केले तरी एक हरकत उरते आणि तिला माझ्याकडे पुरते उत्तर नाही. हा सगळा हिशेब ऊस असलेल्यांचा आहे. बीडहून येणारी नवरा-बायकोची जोडी, जिला कारखान्याच्या भाषेत माणसे न म्हणता ‘एक कोयता’ म्हणतात, तिचे सहकारी कारखान्यात मत नाही, खासगीत शेअर नाही. तिचा व्यवहार टोळी आणणाऱ्या मुकादमाशी. जानेवारी २०२४ मध्ये तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ मान्य झाली, ती संपाच्या धाकाने. वाढीचा बोजा कोणी सोसायचा याची चर्चा झाली तेव्हा तोडणी-वाहतूक एफआरपीतूनच वजा होते, असे शेतकरी म्हणाला, आणि त्याचेही खोटे नव्हते. गंमत म्हणजे दोघांच्या तोंडी शब्द एकच आहे. करकंबच्या शेतकऱ्याची उचल म्हणजे घातलेल्या उसाचा पहिला हप्ता, त्याचे स्वतःचे पैसे. कोयत्याची उचल म्हणजे अजून न केलेल्या कामावर घेतलेले कर्ज, आणि पुरे फिटले नाही तर ते पुढच्या हंगामात त्याच मुकादमाच्या वहीत त्याच नावावर चढते. दुसरा काटा शेतकऱ्याला काही वर्षे तरी सापडतो. उचल अंगावर असलेल्या जोडीला दुसऱ्या टोळीत जाता येत नाही.