बारा दिवे, एक नियम
(संगणकावरचं रेखाटन : लेखांक ७)

मागच्या लेखांकात छताच्या दिव्याचं चिन्ह काढून आपण त्याचा ब्लॉक केला. आता तो ड्रॉइंगमध्ये बसवू. सभागृह १२ मीटर लांब, ९ मीटर रुंद. लांबीत चार आणि रुंदीत तीन, म्हणजे बारा दिवे.

इलेक्ट्रिकलच्या मंडळींचा नेहमीचा हिशेब असा, की दोन दिव्यांत जेवढं अंतर, त्याच्या निम्मं भिंतीपाशी सोडायचं. म्हणजे भिंतीलगत अंधार राहत नाही. लांबीत दिवे येतील १.५, ४.५, ७.५ आणि १०.५ मीटरवर, रुंदीत १.५, ४.५ आणि ७.५ वर.

ऑटोकॅडमध्ये नव्याने आलेला माणूस इथे हटकून ‘डिव्हाइड’ कमांडकडे वळतो. ती रेषेचे चार समान भाग करते खरी, पण ब्लॉक ठेवते भागांच्या सांध्यांवर: ३, ६ आणि ९ मीटरवर. चाराचे तीन दिवे झाले, आणि तेही भलत्या जागी! ‘मेजर’ ही तिची बहीण ठरावीक अंतराने ब्लॉक ठेवत जाते. १०० मीटर रस्त्याकडेला दर ८ मीटरवर झाड म्हटलं, तर पहिलं ८ वर, बारावं ९६ वर, आणि ४ मीटर शिल्लक. मोजणी कुठून सुरू होणार? रेषेच्या ज्या टोकाजवळ आपण क्लिक केलं तिथून. दुसऱ्या टोकाशी क्लिक केलं की सगळी झाडं सरकतात. ही गोष्ट फारसं कुणी सांगत नाही.

एकाच सभागृहासाठी ‘ॲरे’ पुरेसा आहे. पहिला दिवा हाताने ठेवा, ओळी आणि रकाने ३-३ मीटरवर मागा, काम झालं. त्यासाठी प्रोग्रॅम लिहीत बसणं हा हौसेचा मामला. पण चाळीस खोल्या, प्रत्येकीचं माप वेगळं, त्यात आर्किटेक्टने भिंती हलवल्या, की ऑटोलिस्पला पर्याय नाही. ऑटोकॅडमध्ये ही भाषा १९८६ पासून आहे. ‘एलटी’ या स्वस्त आवृत्तीला ती मिळायला मात्र २०२४ ची आवृत्ती यावी लागली.

प्रोग्रॅमचा गाभा एवढासाच. खोलीचे समोरासमोरचे दोन कोपरे आणि लांबीत किती, रुंदीत किती अशी दिव्यांची संख्या विचारायची. लांबीला संख्येने भागलं की पाऊल मिळतं. पहिला दिवा अर्ध्या पावलावर, पुढचे पूर्ण पावलांवर. रुंदीचंही तसंच. एकात एक अशी दोन आवर्तनं, आणि आत ‘इन्सर्ट’.

गणित बरोबर असूनही पहिल्यांदा चालवल्यावर दिवे वेडेवाकडे पडू शकतात. बहुतेक वेळा दोष ऑब्जेक्ट स्नॅपचा. तो चालू असेल तर प्रोग्रॅमने दिलेला बिंदूसुद्धा जवळच्या एखाद्या कोपऱ्याला जाऊन चिकटतो, आणि स्क्रीन जितकी झूम आउट, तितकी ही ओढ जास्त. म्हणून सुरुवातीला ‘ऑस्मोड’ची किंमत जपून ठेवायची, शून्य करायची आणि शेवटी परत द्यायची. परत दिली नाही, तर ड्राफ्ट्समनचे सगळे स्नॅप गायब होतात आणि शिव्या आपल्याला बसतात. दुसरी अडचण ॲट्रिब्यूटची. ब्लॉकमध्ये सर्किट क्रमांकाची जागा असेल, तर ‘इन्सर्ट’ तो विचारायला थांबतं आणि पुढच्या दिव्याची कमांडच उत्तर म्हणून गिळून टाकतं. ‘ॲटरेक’ शून्य केलं की ते विचारणं बंद.

दिवा एकदाच काढून बाकी सगळीकडे त्याचे नुसते उल्लेख ठेवायचे, ही कल्पना ऑटोकॅडच्याही आधीची. एमआयटीत आयव्हन सदरलँडने १९६३ च्या प्रबंधात मांडलेल्या ‘स्केचपॅड’मध्ये मूळ आकृती बदलली, की तिच्या सगळ्या प्रती बदलत. आपला चौकोनी दिवा उद्या गोल ठरला, तरी बसवण्याच्या प्रोग्रॅमला हात लावावा लागत नाही, तो याच कल्पनेमुळे.

आणखी एक. तोच प्रोग्रॅम त्याच खोलीवर दुसऱ्यांदा चालवला, तर दिव्यांवर दिवे तंतोतंत बसतात. ड्रॉइंगमध्ये काहीच दिसत नाही. एस्टिमेटमध्ये मात्र चोवीस दिवे लागतात. त्यामुळे प्रोग्रॅमने ठेवलेले दिवे स्वतंत्र लेयरवर ठेवा, आणि नवे ठेवण्याआधी त्या खोलीतले जुने त्यालाच पुसायला लावा. ही मोजदाद ड्रॉइंगमधून थेट तक्त्यात कशी न्यायची, ते पुढच्या आठवड्यात.