दुसरा नंबर

परीक्षेचा निकाल लागला आणि आमचे चिरंजीव तोंड पाडून घरी आले. पहिला नंबर दोन गुणांनी हुकला होता. आईने हौसेने केलेला शिरा बशीत तसाच राहिला. आम्ही पडलो भाषेचे मास्तर! आमच्याजवळ समजुतीला शब्दांखेरीज असणार काय? त्याला जवळ बसवून ‘सेकुंदुस’ या लॅटिन शब्दाची गोष्ट सांगितली.

‘सेकुंदुस’ म्हणजे दुसरा. पण मुळात हा आकडा नव्हेच. ‘सेक्वी’ म्हणजे मागोमाग जाणे. त्यावरून ‘सेकुंदुस’ म्हणजे पाठोपाठ येणारा. संस्कृतातला ‘सच्’ धातू याच कुळातला, आणि आपला ‘सचिव’ त्या ‘सच्’चा वंशज. सचिव म्हणजे मूळचा सोबती!

रोमन लोक पाठीमागून येणाऱ्या वाऱ्यालाही ‘सेकुंदुस’च म्हणत. असा वारा शिडात भरला की गलबत सुखाने चालते; म्हणून ‘अनुकूल’ हाही त्या शब्दाचा अर्थ झाला. प्रवाहाबरोबर जाण्यालाही त्यांनी हाच शब्द वापरला. गंमत अशी, की आपल्या ‘अनुकूल’मधले ‘कूल’ म्हणजेही नदीचा काठच.

सभेत ठराव ‘सेकंड’ करतात तोही याचाच नातू. त्याला आपण अनुमोदन म्हणतो. तिथला ‘अनु’ही पाठोपाठ येणाराच.

आणि घड्याळ? मध्ययुगीन युरोपातील पंडितांनी तासाचे साठ भाग पाडले. त्यांचे नाव ‘पार्स मिनूता प्रीमा’, म्हणजे पहिला बारीक भाग. त्याचे पुन्हा साठ केले. ते ‘पार्स मिनूता सेकुंदा’, दुसरा बारीक भाग. पुढे रोजच्या वापरात ही लांबलचक नावे झिजली. मिनिटाच्या नावातला ‘पहिला’ गळून पडला. सेकंदाच्या नावात मात्र ‘दुसरा’च तेवढा उरला! १९६७ साली शास्त्रज्ञांनी सीझियम अणूच्या ९,१९,२६,३१,७७० स्पंदनांवरून कालमापनाचे एकक ठरवले, तेही मिनिट नव्हे, सेकंद.

चिरंजीवांनी सारे ऐकून घेतले. मग म्हणाले, “पण बाबा, तो दोन गुणांनी पुढे आहेच ना?”

“आहे, बाबा.”

“पहिल्याला लॅटिनमध्ये काय म्हणतात?”

“प्रीमुस. तुझ्या पणजीच्या रॉकेलच्या स्टोव्हवर तेच नाव होतं, प्रायमस. त्याच्यावर तिनं आम्हां भावंडांसाठी कितीदा तरी शिरा केला. कुणाचा कितवा नंबर आला, ते विचारलं नाही.”

त्याने बशी पुढे ओढली. “गार झालाय,” म्हणाला, पण खाल्ला.