छाती दाबायला दोघे हवेत

मोटारीपाशी किंवा बांधावर माणूस कोसळला की आपल्याकडे आधी गर्दी जमते. कोणी पाणी आणतो, कोणी नाकाला कांदा लावतो. अशा एका प्रसंगी आम्ही हजर होतो. एक तरुण छाती दाबत होता आणि आम्ही बाकीचे भोवती नुसते उभे. दोन-तीन मिनिटांत त्याचे हात गळाले, दाब वरवरचा पडू लागला. आमच्या ते ध्यानातही आले नाही. पुढे शिकलो तेव्हा कळले, हे काम दोघांचे आहे.

2023 च्या नवरात्रात गुजरातेत गरबा खेळताना काही जण हृदयविकाराने दगावले. त्या डिसेंबरात सरकारने शाळाशिक्षकांना सीपीआर शिकवले. शेतावर मात्र शिक्षक नसतात, शेजारीच असतात.

विजेचा धक्का असेल तर आधी मेन स्विच बंद करावा, तोवर हात लावू नये. हाकेला ओ नाही, श्वास नाही किंवा नुसते आचके आहेत (आचके म्हणजे श्वास नव्हे), तर एकाने 108 ला फोन लावावा, दुसऱ्याने लगेच छाती दाबू लागावे. माणूस बाजेवर नको, कठीण जमिनीवर उताणा हवा. छातीच्या मधल्या हाडाच्या खालच्या अर्ध्या भागावर तळव्याची मनगटाकडची बाजू, तिच्यावर दुसरा हात, कोपरे ताठ. दाब 5 ते 6 सेंटिमीटर, मिनिटाला 100 ते 120, आणि दर वेळी छाती पूर्ण वर येऊ द्यावी. बरगडी कडकली तरी थांबू नये.

फोन झाला की दुसऱ्याने डोक्याशी बसावे. दाबणाऱ्याने मोठ्याने मोजावे, पंचविसापासून आवाज चढवावा, म्हणजे जोडीदार सावध होतो. 30 दाब झाले की हनुवटी वर, नाक चिमटीत, एकेका सेकंदाचे दोन श्वास. छाती उचललेली दिसली पाहिजे. अशा पाच फेऱ्या, म्हणजे सुमारे दोन मिनिटे झाली की जागा बदलावी, तीही पाच सेकंदांत. "मी दमलो नाही" हे ऐकूच नये. आपल्या माणसाला हातातले काम सोडवत नाही, पण इथे सोडलेच पाहिजे.

तोंडाला औषधफवारणीचे विष लागले असेल तर तोंडाने श्वास देऊ नये, फक्त दाबत राहावे. बुडालेल्याला मात्र श्वास फार गरजेचे.

माणूस हलेपर्यंत किंवा 108 ची माणसे हाती घेईपर्यंत हे चालू ठेवावे. जमलेल्यांपैकी एकाला गाडीला वाट दाखवायला डांबरी रस्त्यावर पाठवावे. शेतातली वाट ड्रायव्हरला सापडत नाही.