नदीच्या मिठीतील हाहवे

दक्षिण कोरियाच्या आग्नेय भागात, आन्दोंग शहरापासून सुमारे पंचवीस किलोमीटरवर, नाक्दोंग नदी एका गावाला तिन्ही बाजूंनी वळसा घालून पुढे जाते. गावाचे नावच त्यावरून पडले आहे. ‘हा’ म्हणजे नदी आणि ‘हवे’ म्हणजे वळणे. पलीकडच्या तीरावर बुयोंगदे नावाचा कडा आहे. त्याच्या माथ्यावरून पाहिले म्हणजे कौलारू वाडे, गवताने शाकारलेली घरे आणि भोवतीची भातशेते एकाच दृष्टिक्षेपात येतात. पाण्यावर तरंगणारे कमळ अशी या गावाची उपमा कोरियन लोक पिढ्यान्‌पिढ्या देत आले आहेत.

हाहवे हे प्रामुख्याने र्यू या एकाच कुळाचे गाव आहे. सहाशे वर्षांहून अधिक काळ हे कुळ येथे नांदत आहे. कुळाच्या वसाहतीची कथा व्यापारी घरांत आवर्जून सांगावी अशी आहे. मूळ पुरुष र्यू जोंग-हे याने येथे घर बांधावयास घेतले; परंतु ते उभे राहीना, पुन्हा पुन्हा कोसळे. तेव्हा त्याला सांगण्यात आले की, दहा हजार लोकांचे भले केल्याशिवाय ही भूमी तुला लाभणार नाही. त्याने गावाबाहेरच्या खिंडीत झोपडी बांधली आणि येणाऱ्या-जाणाऱ्या वाटसरूंना अन्न व गवती पादत्राणे देण्यास आरंभ केला. ते व्रत पूर्ण झाल्यावरच घर टिकले. दंतकथाच ती, पण कुळ आपला आरंभ पराक्रमाऐवजी अन्नदानापासून मोजते, हे लक्षात राहते.

गावात आजही लोकांची वस्ती आहे. दोन मोठे वाडे मुख्य आहेत. यांगजिनदांग हा थोरल्या पातीचा आणि चुंगह्योदांग हा धाकट्या पातीचा. दुसऱ्याच्या नावात राजनिष्ठा आणि मातापित्यांची सेवा ही दोन मूल्ये गुंफलेली आहेत. पूर्वजांचे स्मरणविधी, आलेल्या पाहुण्यांचे आतिथ्य आणि वाड्याची निगा हा भार परंपरेने ज्येष्ठ पुत्राच्या घराकडे असतो. एकत्र कुटुंबातील थोरलेपण म्हणजे मान आणि त्याहून अधिक जबाबदारी, हे मराठी घरांना वेगळे सांगावयास नको. १९९९ साली इंग्लंडची राणी दुसरी एलिझाबेथ हिने आपला ७३ वा वाढदिवस याच गावात साजरा केला, तेव्हाही यजमानपद गावानेच भूषविले.

धाकट्या पातीचा कर्ता पुरुष र्यू सोंग-र्योंग (१५४२–१६०७) याचे चरित्र या भेटीचा गाभा मानावे लागेल. १५९२ मध्ये जपानने कोरियावर आक्रमण केले, तेव्हा राज्यकारभाराची धुरा त्याच्याकडे होती. नौसेनानी यी सुन-शिन याची शिफारस करणारा तोच. युद्ध संपता संपता दरबारी तट-गटांनी त्याला पदच्युत केले. तो हाहवेला परतला आणि ‘जिंगबिरोक’ हा ग्रंथ लिहिला. झालेल्या चुका ध्यानी घेऊन पुढील संकटापासून सावध राहणे, असा नावाचा आशय. आक्रमणापूर्वी जपानहून परतलेल्या दोन दूतांपैकी एकाने युद्ध अटळ म्हटले, दुसऱ्याने भीती नाही म्हटले. आणि दुसरा याच्याच गटातला होता. तो प्रसंगही त्याने नोंदवून ठेवला. तोट्याचे पान वहीतून न फाडणारा असा राज्यकर्ता कोणत्याही देशात दुर्मीळच. आज जो भव्य वाडा त्याच्या नावाने दाखविला जातो, तो त्याच्या मृत्यूनंतर शिष्यांनी व वंशजांनी उभारलेला आहे.

गावापासून टेकडीवरील पायवाटेने सुमारे चार किलोमीटर गेले की ब्योंगसान सोवोन हे विद्यापीठ लागते. १५७२ मध्ये र्यू सोंग-र्योंगनेच ही पाठशाळा या जागी आणली. एकोणिसाव्या शतकात राज्याने अशा शेकडो पाठशाळा बंद केल्या, केवळ ४७ राहिल्या. त्यांतील ही एक. तिचा मान्देरू हा भिंती नसलेला सज्जा पाहावाच. खांब वेडेवाकडे, झाड जसे वाढले तसेच उभे केलेले, आणि त्यांच्यामधून समोरची नदी व डोंगर पडद्यावरील चित्रासारखे दिसतात. उन्हाळ्यात अंगणातील जी झाडे गुलाबी फुलांनी बहरतात, ती आपल्या ताम्हणाचीच भावंडे.

हाहवेचे लाकडी मुखवटे व सरदारांची थट्टा करणारे मुखवटा-नाट्य प्रसिद्ध आहेच. उच्चकुलीनांची खिल्ली त्यांच्याच गावात, त्यांच्याच आश्रयाने उडवली जाई, ही त्यातली गंमत.

आन्दोंगजवळचे बोंगजोंगसा हे बौद्ध मंदिर सातव्या शतकातील. तेथील गुङनाकजोन ही कोरियातील सर्वांत जुनी लाकडी इमारत मानली जाते. १९७२ च्या दुरुस्तीत तिचे छप्पर १३६३ मध्ये दुरुस्त केल्याची नोंद सापडली. शाकाहारी प्रवाशाला कोरियात मठांच्या भोजनाचाच मोठा आधार. साध्या खानावळीतील किमचीतही बहुधा माशांचा अर्क असतो. मठात मांस-मासे नाहीतच, शिवाय लसूण, कांदापात अशा पाच उग्र पदार्थांनाही मज्जाव आहे. मौजेची गोष्ट म्हणजे त्या पाचांत हिंगही मोडतो. कांद्याऐवजी हिंग घालणाऱ्या घरांना हे ऐकून हसू येईल. मात्र मुळा आणि कमळकंद तेथे चालतात, त्यामुळे कंदमुळे वर्ज्य असणाऱ्यांनी अगोदर विचारणे बरे.

मार्च २०२५ मध्ये या प्रदेशात भीषण वणवा पेटला. शेजारच्या उइसोंगमधील गोउनसा या प्राचीन मंदिराच्या बहुतेक इमारती भस्मसात झाल्या. ज्वाला हाहवे व ब्योंगसान सोवोनच्या काही किलोमीटरपर्यंत आल्या. गावकऱ्यांना घरे सोडण्यास सांगण्यात आले आणि अग्निशामक दलाचे जवान गवती छपरांवर पाण्याचा मारा करीत राहिले. सहा शतकांचा वारसा एका ठिणगीच्या अंतरावर होता. वारा वळला, पाऊस आला आणि गाव वाचले.

त्या छपरांना नवे गवत घालण्याचे काम मात्र नेहमीचेच. भाताची कापणी झाली की पेंढा साठवला जातो, दोर वळले जातात आणि जुना थर काढून नवा चढविला जातो.