दिव्यांग माजी सैनिकांचे वाहन : कर व शुल्कातील सवलती

लातूर-बार्शी रस्त्यावरील मुरुड ही परिसरातील मोठी बाजारपेठ. येथून उपचारासाठी वा निवृत्तिवेतनाच्या कामासाठी लातूरला जावयाचे झाल्यास, सैन्यात पाय गमावलेल्या माणसास एस. टी.च्या पायऱ्या हाच पहिला अडथळा ठरतो. स्वतःचे वाहन ही त्याची चैन नव्हे. अशा वाहनांना कर व शुल्कात सवलती आहेत. मात्र केवळ माजी सैनिक या नात्याने त्या मिळतात, हा समज बरोबर नाही.

घरपट्टीमुळे हा समज पसरला असावा. 2020 मध्ये शासनाने माजी सैनिक व सैनिकांच्या विधवा यांना मालमत्ता करात माफी दिली. तेथे सैनिकी सेवा हाच आधार आहे. वाहनाबाबत मात्र अपंगत्व आणि वाहनाची नोंद पाहिली जाते. 1958 च्या मोटार वाहन कर अधिनियमान्वये राज्य शासन अधिसूचनेद्वारे करसवलत देऊ शकते. नोंदणी शुल्क केंद्रीय नियमांनुसार ठरते. 2016 च्या सुधारित तक्त्यात ते मोटारसायकलीस 300 रुपये, तर अपंगांच्या खास वाहनास 50 रुपये होते.

अडचण येते ती नोंदीत. साधी स्कूटर घेऊन गावातल्या कारागिराकडून जोडचाके बसवून घेतली, परंतु परिवहन कार्यालयात हा बदल नोंदविला नाही, तर कागदोपत्री ती साधी स्कूटरच राहते. 2019 च्या दुरुस्तीने अनुकूलित वाहनाची व्याख्या कायद्यात आली आणि ऑक्टोबर 2020 पासून नोंदणीच्या नमुना 20 मध्ये दिव्यांग मालकीची नोंद करण्याची सोय झाली. अर्ज भरतानाच ती करून घेणे इष्ट.

टक्केवारीचाही घोळ होतो. 1996 पासूनच्या तरतुदीनुसार सेवेतून अपंगत्वामुळे मुक्त झालेल्या जवानाचे 50 टक्क्यांहून कमी अपंगत्व निवृत्तिवेतनासाठी 50 टक्के धरले जाते. 2016 च्या दिव्यांग हक्क अधिनियमातील 40 टक्क्यांची मर्यादा मात्र प्रत्यक्ष तपासणीवर ठरते. म्हणून निवृत्तिवेतनाच्या आदेशावर विसंबून न राहता दिव्यांगत्वाचे स्वतंत्र प्रमाणपत्र काढावे. त्यासाठी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाचे मार्गदर्शन घेता येते.

राष्ट्रीय महामार्गावरील पथकरात दिव्यांगांसाठी खास बनविलेल्या वाहनांस, तसेच परमवीर चक्रापासून शौर्य चक्रापर्यंतच्या पदकविजेत्यांस ओळखपत्र दाखविल्यावर सूट आहे. माजी सैनिकाचे साधे ओळखपत्र तेथे पुरेसे होत नाही.