मुका झालेला सिंकॉम

१४ फेब्रुवारी १९६३ रोजी अमेरिकेतील केप कॅनव्हेरलहून डेल्टा अग्निबाणाने सिंकॉम-१ हा दळणवळण उपग्रह अवकाशात नेला. ह्यूज कंपनीतील हॅरल्ड रोझन व त्यांच्या सहकाऱ्यांनी तो नासासाठी बनवला होता. व्यास ७१ सेंटिमीटर, उंची अवघी ३९ सेंटिमीटर. एखाद्या ढोलाएवढाच म्हणा ना!

त्याआधीचा टेलस्टार (१९६२) कमी उंचीवरून वेगाने फिरे. दर फेरीत जेमतेम वीस मिनिटेच तो अटलांटिकपार संदेश पोहोचवू शके. उपग्रह सुमारे ३६,००० कि.मी. उंचीवर नेला, तर त्याची प्रदक्षिणा पृथ्वीच्या स्वतःभोवतालच्या फेरीइतक्याच वेळात पुरी होते. मग तो पृथ्वीच्या एकाच भागावर राहतो. सिंकॉमचे उद्दिष्ट हेच होते.

अग्निबाणाने सिंकॉमला लांबट कक्षेत सोडले. या कक्षेच्या सर्वांत दूरच्या बिंदूशी उपग्रहातील छोटे इंजिन काही सेकंद पेटवायचे, म्हणजे कक्षा गोलाकार होते. इंजिन पेटले आणि काही सेकंदांतच सिंकॉमचे संदेश बंद पडले!

उपग्रह नष्ट झाला की नुसता मुका झाला? याचे उत्तर दुर्बिणींनी दिले. वेधांवरून असे दिसले, की तो जवळजवळ २४ तासांत एक प्रदक्षिणा करीत होता. केप्लरचा तिसरा नियम आठवा : कक्षा जितकी मोठी, तितका प्रदक्षिणाकाल जास्त. इंजिन चाललेच नसते, तर सिंकॉम लांबट कक्षेतच राहिला असता आणि त्याची फेरी अकरा तासांच्या आतच संपली असती. याचा अर्थ, इंजिनाने आपले काम चोख बजावले होते. मूळ कल्पना बरोबर होती. दोष अन्यत्र होता. उच्च दाबाच्या नायट्रोजनची टाकी फुटली असावी, असा निष्कर्ष निघाला.

त्यानुसार सुधारणा करून २६ जुलै १९६३ रोजी सिंकॉम-२ सोडण्यात आला आणि तो यशस्वी झाला. त्याच्याद्वारे ऑगस्टमध्ये अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी नायजेरियाचे पंतप्रधान बालेवा यांच्याशी दूरध्वनीवर बोलले. १९६४ मध्ये सिंकॉम-३ ने टोकियो ऑलिंपिकची दृश्ये अमेरिकेत पोहोचवली.

विद्यार्थी मित्रांनो, प्रयोग फसला की सगळेच चुकले असे समजू नका. काय बरोबर झाले, हे आधी तपासा. मग चूक नेमकी कोठे आहे ते सापडते.