शेवटच्या गल्लीतील स्पर्धा

यंत्रमागांच्या भिवंडीत 26 जानेवारी 2007 पासून वीजवितरणाचे काम महावितरणने टोरंट पॉवर या खासगी कंपनीकडे सोपवले असून, तारांची देखभाल व वसुली या फ्रँचायझी कंपनीने करायची आणि दर मात्र महाराष्ट्र विद्युत नियामक आयोगाने ठरवायचा, अशी तेथील व्यवस्था आहे. त्याच गल्लीतून घरात शिरणाऱ्या इंटरनेटच्या तारेला मात्र निराळा न्याय लागू होतो. भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरण, म्हणजे ट्राय, ब्रॉडबँडचा दर ठरवून देत नाही, कारण सेवादात्यांतील चढाओढच दरांना आवर घालील, असे गृहीत धरलेले आहे.

हे गृहीतक तारेच्या अर्थशास्त्रापाशी अडखळते. रस्ता खणून तार टाकण्याचा खर्च पहिला ग्राहक मिळण्याआधीच करावा लागतो, आणि तीच गल्ली दुसऱ्या कंपनीने पुन्हा खणली तर तेवढाच खर्च उरलेल्या थोड्या ग्राहकांच्या भरवशावर करावा लागतो. अशा व्यवसायाला नैसर्गिक मक्तेदारीचा व्यवसाय म्हणतात. केबल ब्रॉडबँडने यातून वाट काढली ती दूरचित्रवाणीसाठी केबलवाल्याने आधीच टाकलेल्या तारेमुळे. 1997 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘डॉक्सिस’ या तांत्रिक मानकाने त्या तारेवरील काही वारंवारता-पट्टे माहितीच्या देवाणघेवाणीसाठी राखले आणि घरी मोडेम बसवला की काम भागू लागले. मात्र पट्टा साऱ्या वस्तीत वाटला जात असल्याने संध्याकाळी वेग घटतो. शिवाय वाटेतील अँप्लिफायरला वीज लागते, म्हणून घरात इन्व्हर्टर असला तरी गल्लीतली वीज गेली की इंटरनेटही जाऊ शकते. काचतंतूच्या जाळ्यात वाटेवरचे विभाजक विजेविना चालतात.

ऑक्टोबर 2018 मध्ये रिलायन्सने हॅथवे व डेन या मोठ्या केबल कंपन्यांत नियंत्रक हिस्सा घेण्याचे जाहीर केले आणि भारतीय स्पर्धा आयोगाने जानेवारी 2019 मध्ये त्यास मान्यता दिली. मोबाइल सेवा, काचतंतू आणि जुनी केबल एकाच समूहाकडे आल्यावर देशभरातील परवानाधारकांची गणना ग्राहकाच्या फारशी उपयोगाची राहत नाही. त्याच्या इमारतीच्या जिन्यापर्यंत किती स्वतंत्र तारा पोहोचतात, हीच खरी मोजणी होय. दूरसंचार अधिनियम, 2023 मध्ये सर्व कंपन्यांना खुल्या असलेल्या सामायिक नलिकांची तरतूद आहे, आणि भिवंडीसारख्या दाटीच्या शहरात, जिथे गल्ली दुसऱ्यांदा खणण्यास कोणी सहसा धजत नाही, तिची गरज सर्वाधिक आहे.